गालावर सावली लावणारा

मित्रांनो, मी ब्रश आहे आणि चांगला जुना आहे. थांबा, लगेच दात काढू नका. दात घासायचा नाही. भिंती रंगवायचाही नाही. मी कंटूरचा ब्रश. कंटूर म्हणजे काय ते माहीत नसेल तर आपल्याच गालावरून बोट फिरवा. हाड लागलं? त्याच्या खाली जरा खोलगट आहे ना, तिथे सावली पडते. ज्यांच्या चेहऱ्यावर ती नीट पडत नाही त्यांना ती मी लावून देतो. खोटी सावली. आणि ती खोटी आहे हे समोरच्याला कळलं की माझं काम मातीत गेलं.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे कितीही उकडलं तरी पंखा लावायचा नाही, कारण केस उडतात. घामाघूम झालेल्या बायका बकरीचे केस विंचरायच्या, आखूड-लांब वेगळे करायच्या आणि एका साच्यात ठोकून ठोकून बसवायच्या. तिरका उतार त्या साच्यातच येतो. नंतर कात्रीने कापून उतार दिला तर टोकं बोथट होतात आणि ब्रश गालाला टोचतो. मला कुणी कात्री लावलेली नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण दुकानात तुम्ही लोक काय करता ते मी बघितलंय. दांडा गुलाबी आहे का बघता, डबी छान आहे का बघता, आणि पूर्ण सेट उचलता! त्यातले निम्मे ब्रश कशाचे हेसुद्धा माहीत नसतं. डोकं फिरतं माझं.

मला विकत घेणाऱ्या मावशीने तसं नाही केलं. आधी माझी मान धरून हलवली, दांडा डुगडुगतो का बघायला. मग केस ओढले, गळतात का बघायला. मग मला जबड्याखाली टेकवला, तिथली कातडी नाजूक असते, टोचलं तर लगेच कळतं. मग परत केस ओढले.

दुकानदार वैतागला. "बाई, घ्यायचाय की लग्न लावायचंय त्याच्याशी?"

"लग्न असतं तर एवढं बघितलं नसतं," मावशी म्हणाली आणि मला पर्समध्ये टाकला.

मावशी नाटकाच्या मेकअप रूममध्ये काम करायची. खोली म्हणजे काय, एक भला मोठा आरसा, त्याच्याभोवती दिवे, एक कुरकुरणारी खुर्ची आणि कोपऱ्यात डागाळलेलं बेसिन. त्या खुर्चीत कोण बसणार ते नाटक ठरवायचं, पण खुर्चीमागे फक्त मावशी उभी राहायची. वर्षानुवर्षं. गोल चेहऱ्याचा हसरा माणूस तिच्यासमोर बसायचा आणि उठताना आजारी, गाल बसलेला म्हातारा होऊन उठायचा. एकाची सख्खी बहीण विंगेत भेटायला आली आणि त्यालाच विचारते, "माझा भाऊ कुठाय?" त्या दिवशी मावशीने मला रुमालाने असा पुसला, असा पुसला, की काय सांगू. माझे चांगले दिवस होते ते.

मग भिंगरी आली. मावशीच्या बहिणीची मुलगी. नाव वेगळं होतं तिचं, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे भिंगरीच म्हणायचे. मावशी तिला शिकवायची, म्हणजे ओरडायची.

"ही कुठली डबी घेतलीस?"

"ब्राउन आहे की."

"ब्राउन आहे, पण चमकतंय ना? सावली कधी चमकताना बघितलीस?"

"नाही."

"मग? चमकणारा तो ब्राँझर, उन्हात फिरून आल्यासारखं दाखवायला. सावलीला करडट रंग लागतो, थंड, राखेची झाक असलेला. कातडीपेक्षा थोडाच गडद. फार गडद घेतलास की गालावर मिशी फुटल्यासारखी दिसते. आणि मनगटावर काय लावून बघतेस? मनगट घेऊन स्टेजवर जाणार आहेस का? जबड्यावर लाव!"

"लावते गं, ओरडतेस काय?"

"क्रीम असेल तर दाट, चपटा ब्रश. पावडर असेल तर हा." हा म्हणजे मी. "क्रीम आधी, पावडर नंतर. उलटं केलंस तर पापुद्रे सुटतात. आणि ब्रश डबीत बुडवलास की झटक. झटकल्याशिवाय चेहऱ्याला लावायचा नाही. कानापासून सुरू, ओठाच्या कोपऱ्याकडे निघायचं आणि अर्ध्यात थांबायचं."

"अर्ध्यात कळणार कसं?"

"डोळे कशाला दिलेत?"

मित्रांनो, हे ती बोलली खरी, पण डोळ्यांची गडबड तिचीच सुरू झाली होती. मला पहिल्यांदा कळलं, कारण मी तिच्या बोटांत असायचो. पूर्वी ती मला डबीला नुसता टेकवायची. आता दाबायला लागली. एकदा लावून झालं की मान वाकडी करून बघायची आणि परत लावायची. परत बघायची, परत लावायची. एकदा म्हणाली, "निम्मे दिवे गेलेत का आज?" सगळे हसले. दिवे सगळे चालू होते.

मोतीबिंदू. डॉक्टरने सांगितलं होतं की ऑपरेशन काही मोठं नाही, पण त्यानंतर बरेच दिवस पावडरच्या धुरळ्यात उभं राहायचं नाही. मावशी घरी आली, पर्स आपटली आणि आरशातल्या स्वतःलाच म्हणाली, "आणि तोवर माझ्या खुर्चीमागे कोण? एकदा दुसरी उभी राहिली की झालं." मग कुणाला एक अक्षर बोलली नाही. भिंगरीलाही नाही.

तिने डबीतल्या रंगांच्या जागाच पाठ केल्या. तिचं पॅलेट चुंबकाचं होतं, पत्र्याच्या छोट्या छोट्या वाट्या त्यात चिकटून बसायच्या. करडट रंग दुसऱ्या रांगेत डाव्या कोपऱ्यात. बोट न बघता तिथे जायचं. रंग तिला मळक्या चहासारखे सगळे सारखेच दिसत होते, पण जागा चुकत नव्हती. जागा बरोबर, म्हणजे रंग बरोबर. फक्त किती लागला ते कळायचं नाही, म्हणून जास्त लागायचा. पण प्रेक्षक लांब बसतात. चालून जायचं.

मग नाटकाचं शूटिंग करायचं ठरलं. मोठे कॅमेरे येणार, चेहरे जवळून घेणार. आमच्या मॅनेजरला सगळे घाईशेठ म्हणायचे, कारण हा माणूस चहासुद्धा उभ्याने पितो. तो आला आणि दारातूनच म्हणाला, "मावशी, कॅमेरावाल्यांनी त्यांची मेकअपवाली आणलीय. ताईंचा चेहरा ती करेल. कॅमेऱ्याचं काम वेगळं असतं."

ताई म्हणजे नाटकातली मुख्य नटी.

मावशी वळलीसुद्धा नाही. "ती या खुर्चीमागे उभी राहणार असेल तर मला परत बोलवायचं नाही."

"असं काय बोलता?"

"असंच बोलते."

घाईशेठने घड्याळ बघितलं. "ठीक आहे. तुम्हीच करा. पण चेहरा बिघडला ना, तर खरंच परत बोलवणार नाही. मग माझ्यावर रुसू नका."

"नाही रुसत."

तिची बोटं माझ्या दांड्यावर इतकी आवळली होती की लाकूड कुरकुरलं.

आता नीट ऐका, कारण पुढचं आठवलं तरी माझे केस उभे राहतात. शूटिंगच्या आदल्या दुपारी भिंगरीच्या अंगात आलं. मावशीचा मोठा दिवस, तर सगळं लख्ख करून ठेवू! आम्हा सगळ्या ब्रशांना तिने साबणाने धुतलं, टोकं खाली करून पिळलं आणि आडवं वाळत घातलं. इथपर्यंत शाब्बास. आम्हाला उभं वाळवलं तर केस धरून ठेवणाऱ्या नळीत पाणी उतरतं, गोंद सुटतो, मग केस गळतात. पण ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी मावशीच्या आधी येऊन तिने पॅलेट उघडलं, सगळ्या वाट्या पटापट काढल्या, कडा पुसल्या आणि परत लावल्या. फिकट वर, गडद खाली. अगदी शिडीसारखं. दिसायला सुंदर.

दुसऱ्या रांगेत डाव्या कोपऱ्यात तांब्याच्या रंगाचा चमचमणारा ब्राँझर जाऊन बसला.

मी बाजूलाच पडलेलो. ओरडायला तोंड नाही. पोरी, अगं विचार तरी! पण कशाला विचारेल? तिच्या डोळ्यांना सगळं दिसत होतं. दिसणाऱ्याला वाटतं, वस्तू कुठेही ठेवली तरी सापडते.

ताई येऊन बसल्या. डोळे मिटले, मान मागे टेकली. मेकअप चालू असताना त्या ओठांतल्या ओठांत संवाद म्हणायच्या. मावशीने फाउंडेशन लावलं, पावडरने बसवलं. भिंगरी ताईंच्या साडीला इस्त्री करायला बाहेर गेली. मग मावशीचं बोट पॅलेटवर उतरलं. पहिली रांग. दुसरी रांग. डावा कोपरा. आणि तिने मला बुडवला.

मला लगेच कळलं. करडट पावडर कोरडी असते, केसांत अडकते. चमकीची पावडर घसरते, साबणासारखी. मावशीच्या बोटांनाही काहीतरी लागलं. ती थांबली. माझा जीव भांड्यात पडणार इतक्यात ती पुटपुटली, "आज मऊ लागतोय. धुतलाय ना पोरीने."

आणि लावला. कानापासून गालाखाली. एक हात. मान वाकडी करून बघितलं. दिसलं नाही. दुसरा हात. तिसरा. मग दुसरा गाल. मग जबड्याची कड. सगळ्या दिव्यांखाली ताईंचा चेहरा तांब्याच्या हंड्यासारखा लखलखायला लागला आणि मावशी म्हणते कशी, "जरा अजून हवं."

भिंगरी साडी घेऊन आत आली आणि दारातच खिळली.

"मावशी."

"काय गं?"

"बाहेर ये ना जरा."

"वेडी आहेस का? हातातलं सोडून?"

"ये ना."

"इथेच बोल."

भिंगरीने एकदा ताईंकडे बघितलं, एकदा पॅलेटकडे. मग हळूच म्हणाली, "तू कुठली डबी घेतलीस?"

"कुठली म्हणजे? नेहमीची."

"मावशी, ती चमकतेय."

"काहीतरी बोलू नकोस."

"मी सकाळी वाट्या हलवल्या. मला वाटलं, तुला बरं पडेल." एकदम तिचा आवाज चढला. "पण तुला दिसत नाहीये का? एवढं चमकतंय, तुला दिसत नाहीये?"

ताईंनी डोळे उघडले, आरशात बघितलं आणि जोरात श्वास घेतला. मला वाटलं आता ओरडणार. पण त्या हळू आवाजात बोलल्या, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"मावशी, आज नाही हो पुसता येणार मला."

"पुसता म्हणजे?"

ताई आरशातून भिंगरीकडे बघायला लागल्या.

"पुसता म्हणजे काय?"

"मी रोज विंगेत टिश्यूने कमी करून घेते. बरेच दिवस झाले. तुम्ही जास्त लावता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मावशीने खुर्चीची पाठ धरली. मी तिच्या मुठीत होतो. "म्हणजे तुला माहीत होतं. आणि कुणाकुणाला?"

"विंगेतल्या लोकांना. टिश्यू तेच देतात."

"सगळ्यांना माहीत!" मावशी फुटलीच. "मी बावळटासारखी इथे ऐटीत उभी, आणि तुम्ही सगळे माझ्या पाठीमागे माझं काम पुसताय! अगं तोंडावर सांगितलं असतंस तर मी आठवडाभर रडले असते, आणि मग करून घेतलं असतं ना ऑपरेशन!"

तेवढ्यात दार वाजलं. घाईशेठ. "झालं का? कॅमेरे लागलेत. चला चला." मग त्याला ताईंचा चेहरा दिसला. "हे काय?"

भिंगरी पुढे झाली. "माझी चूक आहे. मी वाट्या..."

"गप गं," मावशी म्हणाली. तिने त्याच्याकडे तोंड केलं. "मला रंग दिसत नाहीत. मोतीबिंदू आहे. लपवून ठेवलं होतं."

घाईशेठ लगेच दाराकडे वळला. "त्या दुसरीला बोलावतो."

"बोलाव. ती पेटी उचलून वर येईपर्यंत मला करू दे."

"मावशी, आत्ताच म्हणालात दिसत नाही म्हणून!"

"हिला दिसतं." तिने भिंगरीकडे बोट केलं.

तो धावतच गेला. भिंगरीने लगेच माझ्यावर झडप घातली. "दे, मी लावते."

मावशीने तिच्या हातावर फटका मारला. "तुझा हात अजून खराटा आहे. हात माझा. तू फक्त बघायचं आणि बोलायचं. स्पंज ओला कर. पिळ. अजून पिळ. आता दाब, घासू नकोस. चमकी घासली की पसरते, दाबली की स्पंजाला चिकटून येते. येतेय?"

"येतेय."

"थोडं फाउंडेशन, त्याच्यावर पावडर. आता ब्रश."

पण माझ्या अंगात चमकी भरली होती. भिंगरीने जाडा, फुगीर ब्रश उचलला. "नको, तो गालभर पसरवेल," मावशी म्हणाली. चपटा उचलला. "तो क्रीमचा, डाग पाडेल. हाच साफ कर. ते झटपट सुकणारं स्पिरिट घे, कपड्यावर ओत आणि घास त्याला."

मित्रांनो, आगीत घातल्यासारखं झालं मला. केसाकेसातून तेल निघून गेलं. त्या दिवसापासून माझी टोकं राठ झाली ती झालीच. पण चमकी गेली.

"करडा रंग कुठाय?"

"तिसरी रांग, मधला."

मावशीच्या बोटाने चाचपडत मधली वाटी धरली. मला बुडवला. झटकला. गालाला टेकवला. पहिला हात फिरला.

"बस," भिंगरी म्हणाली.

"काय बस? एकच हात झालाय."

"बस म्हणतेय ना."

"मला काहीच दिसत नाहीये तिथे! कोरा गाल आहे तो!"

"मला दिसतंय."

"अगं कॅमेरा आहे! कमी पडलं तर ताईचा चेहरा पाटीसारखा सपाट येईल."

"मावशी, बस!"

जिन्यावर दुसरीच्या चपला वाजत होत्या. मावशीचा हात गालापासून केसभर अंतरावर थांबलेला. मी त्या हातात इतकी वर्षं होतो, पण इतका ताण कधी नव्हता. तिला वाटत होतं लावावं. सगळं अंग म्हणत होतं लाव. मग तिने डोळे मिटून घेतले, आणि हात खाली आणला.

"दुसरा गाल," ती म्हणाली. "सांग कधी थांबायचं ते."

दार उघडलं तेव्हा तिने मला नुकतं खाली ठेवलं होतं. दुसरी मेकअपवाली पेटी हातात घेऊन ताईंच्या समोर वाकली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "काय करायचंय मला? छान तर आहे," म्हणाली, आणि नाकावर थोडी पावडर टेकवून सरळ उभी राहिली. ताई उठल्या, मावशीचा खांदा दाबला आणि धावत गेल्या.

घाईशेठ मागे राहिला होता. तो तोंड उघडणार तेवढ्यात मावशीच म्हणाली, "उद्यापासून खुर्चीमागे भिंगरीला उभी कर. मी ऑपरेशन करून घेते. परत बोलवायचं की नाही ते तू ठरव. तू आधीच सांगितलं होतंस, मी रुसणार नाही."

"बघू," तो म्हणाला. पहिल्यांदाच घाई न करता.

पुढचे बरेच दिवस मी कपड्यात गुंडाळलेला पडून होतो. अंधार, धूळ, शेजारी तो फुगीर ब्रश, त्याची बडबड. एका सकाळी कपडा उलगडला. वर मावशीचा चेहरा, काळा चष्मा कपाळावर चढवलेला. तिने मला खिडकीजवळ नेलं, उलटासुलटा केला आणि किंचाळली.

"अगं भिंगरी! हा असा आहे? पार टक्कल पडलंय याला! आणि मी हा लोकांच्या गालावर फिरवत होते?"

"जुना झालाय तो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा लाडका होता. तुला वाईट वाटलं असतं."

मावशीने तिच्याकडे असं बघितलं की भिंगरी खालमानेने म्हणाली, "बरं बरं. चुकले."

तेवढ्यात फोन वाजला. ताई होत्या. मोठा आवाज, मला सगळं ऐकू आलं. नवीन नाटक उभं राहतंय, खुर्चीमागे मावशीच हवी, घाईशेठशी बोलून झालंय. "पण ऐका मावशी, या वेळी जास्त लावलंत तर मी सगळ्यांसमोर बोलणार हं."

"बोल की," मावशी म्हणाली. "आणि मोठ्याने बोल."

फोन ठेवला आणि तिने परत मला हातात घेतलं. अंगठ्याने माझे राठ केस चेपले. बराच वेळ. मग माझ्याकडे बघून, सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं काम झालं रे बाबा. आता चेहऱ्याला नाही लावणार तुला." आणि नवीन ब्रश आणायला चप्पल घालून गेली. दुकानदाराचं काही खरं नाही.

तर मित्रांनो, आता मी या खिडकीत असतो. तुमचे ब्रश धूत जा, टोकं खाली करून पिळत जा, आडवे वाळवत जा. दुसऱ्याच्या पेटीला हात लावायच्या आधी विचारत जा. आणि आपल्या माणसाचं काही चुकायला लागलं, काही दिसेनासं झालं, तर त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. वाईट वाटू दे. मलाही वाटलं. पण मला न सांगता कचऱ्यात टाकलं असतं तर जास्त वाटलं असतं.